वरचं पाणी

माझ्या सुनेचं संशोधन मी कढीलिंबाच्या कुंडीत ओतलं. एकदा चुकून नव्हे. रोज, दुपारची जेवणं झाली की, पदर खोचून, अगदी मन लावून ओतलं.

ही गोष्ट माझ्या तरुणपणातली. म्हणजे तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. आता सत्तरी ओलांडल्यावर ती बासष्टची बाई मला फार पोरकट वाटते. गुडघे शाबूत, नजर बरी, आणि जगात आपल्याला न येणारं काही उरलेलं नाही अशी पक्की खात्री. अशा बाईपासून देवानं सगळ्यांना वाचवावं. त्यातून ती कुरडया करणारी असेल, तर घरच्यांना जरा जास्तच वाचवावं.

कुरडया मी करायचे. आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत उन्हाळ्यात कुणाच्याही कुरडया असोत, चीक बघायला बोलावणं मला. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, गाळायचे आणि पातेलं झाकून ठेवून द्यायचं. चीक तळाशी बसतो. वर उरतं ते पिवळट, आंबूस पाणी. ते अलगद काढून टाकायचं. सगळी कला त्या काढण्यात. घाई केली तर चीक वाहून जातो, भीत भीत काढलं तर घाण राहते. चांगलं ते खाली बसतं आणि टाकाऊ ते वर राहतं, हे मी इतक्या उन्हाळ्यांत शिकले होते आणि अधूनमधून माणसांनाही लावून बघत होते.

आमची सून बार्शीची. तिच्या वडिलांची तिथल्या बाजारात धान्याची अडत. एम.एस्सी. होऊन ती आमच्या घरात आली, आणि माझी नात बालवाडीत जायला लागली तशी म्हणाली, "आई, मी पीएच.डी. करते."

"कर की. कशात?"

"प्लास्टिकमध्ये."

"अगं, सगळे प्लास्टिक बंद करायला निघालेत आणि तू नवीन काढतेस?"

"हे वेगळं. हे ज्वारीचं."

"ज्वारीचं काय?"

"प्लास्टिक."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. थट्टा करत असेल तर आपणही हसावं, म्हणून जरा हसले. ती हसली नाही.

मग कळलं ते असं. पावसात सापडलेली ज्वारी काळी पडते, ती बाजारात कुणी घेत नाही. तिच्या वडिलांकडं तसली पोती पडून असायची. त्या ज्वारीचा चीक काढायचा. पाणी आणि ग्लिसरीन घालून तो शिजवायचा, काचेवर पातळ पसरायचा, वाळला की प्लास्टिकसारखा पापुद्रा सुटून येतो. पहिला पापुद्रा तिनं मला आणून दाखवला. मी बोटानं वाकवला तर तडकला. दुसरा होता तो रात्री मोरीजवळ राहिला, सकाळी लिबलिबीत झाला होता.

माझा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तिथं एकेक टॉवेल पिशवीत घालून पाठवतात. सुनेच्या मनात होतं की त्या पिशव्या असल्या पापुद्र्याच्या व्हाव्यात. मी म्हटलं, "या पिशवीत टॉवेल घातला तर आधी त्या टॉवेलानं पिशवीच पुसावी लागेल."

"म्हणूनच तर त्यात माती घालायची," ती म्हणाली.

इथं माझं डोकं थांबलं. पिठात माती पडली तर आम्ही पीठ टाकून देतो. आणि ही मुद्दाम घालणार होती!

तिनं मला समजावायला कडक भाकरीचा डबा उघडला. "हे बघा आई. भाकऱ्या कशा एकावर एक रचून ठेवल्यात? काळ्या मातीचा बारीक कण असाच असतो. नुसती चळत. त्यातली एकेक भाकरी इतकी पातळ, की डोळ्यांना काय, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायची नाही. त्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. मातीला एक औषध चोळलं, म्हणजे चोळलं नव्हे, औषधाच्या पाण्यात ठेवली, की दोन भाकऱ्यांमधली फट रुंदावते. मग ज्वारीची खळ आत शिरते आणि भाकऱ्या सुट्या होऊन खळीत पसरतात. पापुद्रा बळकट होतो. पाण्याला आरपार जायचं तर प्रत्येक भाकरीला वळसा घालत जावं लागतं. दमतं ते."

"हो हो," मी म्हटलं.

हो हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार. लग्नात गुरुजींनाही मी असंच हो हो म्हटलं होतं. सुनेच्या त्या सगळ्या सांगण्यातून माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की मातीची भाकरी करायची आणि चीक मधे भरायचा. पुरणपोळीसारखं काहीतरी असणार.

पण माती कुठली घ्यायची हा प्रश्न निघाला तेव्हा मात्र मी कान टवकारले. तिच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाईंचं म्हणणं, अशी तयार माती पुडक्यात विकत मिळते, औषध लावलेली, ती घे आणि मोकळी हो. सुनेचं म्हणणं, आपल्या पायाखाली तीच माती आहे, मग पुडकं कशाला? मी लगेच म्हटलं, "काळी माती पाहिजे ना? माझ्या माहेरी चल. मंगळवेढ्यासारखी काळी माती जगात नाही." जग मी अक्कलकोटपर्यंत पाहिलं होतं.

आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. माझा धाकटा भाऊ बांधावर बसून ऐकत होता.

"माती न्ह्यायला आलाय? आक्का, जवारी न्ह्या की. माती कशाला?"

"पिशवी करणार आहे ती."

"मातीची?"

"ज्वारीची. आत माती."

भावानं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पोरगी बरी हाय न्हवं?"

तरी त्यानं खोलवरची स्वच्छ माती काढून गोणीत भरून दिली. "लई आगाव माती हाय ही," तो सुनेला सांगत होता. "पानी पिली की फुगती, चपलेला धरती ती सोडत न्हाय. उनाळ्यात तडकली की भेगंत बैलाचा पाय जातुया."

"मामा, फुगते म्हणूनच पाहिजे," सून म्हणाली. तिचा चेहरा असा खुलला होता, जणू भावानं तिला साडीचोळी केली होती.

परत येताना गोणी आमच्या दोघींच्या पायांत. तेव्हा तिनं मला सांगितलं, की बाईंनी महिनाअखेरपर्यंतच मुभा दिली आहे. या मातीतून काही निघालं तर ठीक, नाहीतर पुडक्यावर काम करायचं. "पुडक्यावर कुणीही करेल, आई. मग त्यात माझं काय राहिलं?" हे मात्र मला नीट कळलं. भाकऱ्या कळल्या नाहीत, हे कळलं.

आता माझ्या पराक्रमाकडं येते.

आधी तिनं ज्वारीचा चीक घरीच काढला. तो तिला साधेना. वरचं पाणी काढताना निम्मा चीक जायचा. मी म्हटलं, "सर बाजूला." पळी घेतली आणि वरचं पाणी असं काढलं, की खालचा चीक जागचा हलला नाही. ती बघत राहिली. "आई, तुमच्यासारखा हात मला या जन्मात यायचा नाही." झालं! ते वाक्य मी पुढं कितीतरी दिवस पानासारखं चघळत होते.

मग मातीची पाळी आली. तिनं माती धुतली, कसल्याशा खारट पाण्यात ठेवली, पुन्हा धुतली, आणि मोठ्या काचेच्या बरण्यांत पाण्यात कालवून माझ्या खोलीत आणून ठेवली. विद्यापीठात एकच लांब टेबल, कुणी ना कुणी धक्का मारायचं. आमच्या घरात पुढच्या खोल्यांना शेजारच्या यंत्रमागांची थरथर. माझी मागची खोली तेवढी स्थिर. ट्रंकेवर बरण्या ठेवून ती म्हणाली, "आई, एक दिवस-रात्र या निवळू देत. हलवू नका हं."

"मी कशाला हलवते?"

हलवल्या नाहीतच मी. दुपारी बघितलं तर खाली काळा गाळ बसलेला आणि वर नुसतं गढूळ पाणी. मला वाटलं, बिचारीला हे जमत नाही, विद्यापीठातून दमून येते, आपण करून ठेवावं. पळी घेतली, बरणीला धक्का लागू न देता वरचं गढूळ पाणी सगळं काढलं. एवढ्यावर थांबले असते तर तिला निदान कळलं तरी असतं. पण मी कुरडयांची बाई. पाणी बदलायला नको? आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. तरी मी साठवणीतलं चांगलं पाणी, तेही फडक्यानं गाळून, तिच्या चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत भरून ठेवलं. खालची माती जराशी उठली, पाणी पुन्हा किंचित मळकट झालं. काढलेलं पाणी फेकायचं कसं, पाणी ते पाणी. म्हणून मागच्या अंगणात कढीलिंबाच्या कुंडीत घातलं.

तिला सांगितलं नाही. चांगलं काम सांगून करू नये असं माझं तत्त्व होतं. वाईट कामं तेवढी मी सांगून करायचे.

संध्याकाळी ती बरणी उजेडात धरून बघायची. वरचं पाणी नळीनं काढून घ्यायची, बशीत वाळवायची. बशीत काही उरायचं नाही, नुसता डाग. "काहीच निघत नाही यातून," असं स्वतःशीच म्हणायची. पुन्हा माती धुवायची, पुन्हा बरण्या भरायची. मीठ बदललं, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पळी घेऊन हजर.

माझा गोंधळ असा, की बरण्यांच्या तळाशी माती दिवसेंदिवस स्वच्छ, रवाळ, सुरेख दिसायला लागली होती आणि तरी ही पोरगी तोंड पाडून का बसते? त्या रवाळ मातीला तर ती हातही लावायची नाही. ती बाजूला टाकून द्यायची. मला वाटायचं, वेड लागलं हिला. चीक टाकते आणि पाणी घेते.

विचारावं की नाही? बासष्टची बाई विचारत नसते. ती ताडते.

एका संध्याकाळी ती जेवताना मुलाला म्हणाली, "माती बरोबर नाही बहुतेक. तिच्यात पाहिजे तेवढा बारीक भागच नाही."

माझा घास हातात राहिला. माझ्या माहेरच्या मातीला नावं! मी म्हटलं, "मातीला कशाला बोल लावतेस? माझे आजे-पणजे त्या मातीवर जगले. हात बसावा लागतो. तुला चीक तरी कुठं जमला होता?"

ती ताट उचलून मोरीकडं गेली. मुलगा म्हणाला, "आई, बास की." पण बोलून झालं होतं. आणि खरं सांगते, तेव्हा मला बरंही वाटलं. मी मातीच्या बाजूनं उभी राहिले होते ना!

याच सुमाराला कढीलिंब रुसला. पानं पिवळी पडून गळायला लागली. मी पाणी घालतेय आणि झाड वाळतंय, हे काय? त्यात आणखी एक चमत्कार. कुंडीत पाणी घातलं की ते मुरायचंच नाही. वाटीत ठेवल्यासारखं वर उभं राहायचं. शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली, अक्का." मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. झाड वाळतच राहिलं. कढीलिंबाला नजर लावून कुणाला काय मिळणार, हेही मला कळेना.

महिनाअखेर आली. त्या सकाळी सून माझ्या खोलीत येऊन बरण्या उचलायला लागली. विद्यापीठात जाऊन ती बाईंना सांगणार होती, की पुडकं द्या. मला म्हणाली, "तुमची ट्रंक अडवून ठेवली होती, आई. आजपासून मोकळी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मी काही न सुचून अंगणात गेले. पाणी मुरत नाही म्हणून दोन दिवस कुंडीत घातलं नव्हतं, बरण्यांचं पाणी मोरीत ओतलं होतं. वरची माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या, आणि भेगांच्या कडा वर वळल्या होत्या. नखानं उचकटलं तर एक पापुद्राच हातात आला. पातळ, गुळगुळीत, वरून चकाकणारा. मला वाटलं, नातीनं कागद चिकटवला. तो घेऊन मी सुनेकडं गेले.

"हे काय आहे गं? कुंडीत कुणी कागद लावलाय?"

तिनं बरणी खाली ठेवली. पापुद्रा घेतला, खिडकीशी धरला. मग तांब्यातलं पाणी दोन थेंब त्यावर सोडलं आणि बोटानं चोळलं. तो लोण्यासारखा बुळबुळीत झाला. तिचा चेहरा एकदम बदलला.

"आई, हे कुठून आणलं?"

"सांगितलं की. कुंडीतून."

"कुंडीत काय घालता तुम्ही?"

"पाणी. दुसरं काय घालणार?"

"कुठलं पाणी?"

आता मला वाटलं, बरं झालं, विषय निघाला. नाहीतरी केलेलं कौतुकाचं काम कधीतरी कळायला हवंच होतं. मी म्हटलं, "तुझंच की. तुझ्या बरण्यांवर गढूळ पाणी साचायचं ना, ते मी रोज दुपारी काढून टाकते. तुला जमत नाही म्हणून. आणि वर स्वच्छ पाणी भरते. हलवत नाही हं. एक थेंब हलू देत नाही."

तिनं पापुद्रा जपून खिडकीत ठेवला. मग अगदी हळू आवाजात, नातीला समजवावं तसं म्हणाली, "आई, मातीचा गाळ खाली बसतो. मला पाहिजे ती बारीक माती खाली बसतच नाही. ती त्या गढूळ पाण्यातच राहते. वरच्या."

"वरच्या?"

"वरच्या."

"मग खालचं?"

"खालचं टाकायचं असतं."

मी ट्रंकेवर बसले. माझ्या डोक्यातली सगळी पातेली उलटी झाली. इतक्या उन्हाळ्यांचा चीक वर आला, पाणी खाली गेलं. चांगलं ते वर? आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं? सांगितलं असेलही. मी हो हो म्हटलं असेल.

तोवर ती अंगणात पळाली होती. मागोमाग गेले तर ही बाई कुंडीत तांब्याभर पाणी ओतून वाकून बघतेय.

"बघा, आई! जात नाही! पाणी जातच नाही खाली!"

"अगं, तेच तर रडतेय मी. झाड मरतंय माझं."

"पाण्याला वाटच मिळत नाही! सांगितलं होतं ना, वळसे घालावे लागतात? माती चांगली आहे, आई! एक नंबर आहे मामांची माती!" आणि तिनं टाळ्या पिटल्या. माझा कढीलिंब शेवटचा श्वास घेतोय, आणि ही त्याच्या उशाशी उभी राहून टाळ्या पिटतेय. मी हसावं की झाडाला धरून रडावं, मला ठरवता येईना.

पुढचं थोडक्यात सांगते. तो कुंडीतला पापुद्रा रुमालात गुंडाळून तिनं विद्यापीठात नेला. बाईंनी आणखी थोडा वेळ दिला. त्या मातीचं वरचं पाणी, मग औषध, मग ज्वारीची खळ असं करत तिनं जो पापुद्रा केला, तो मी स्वतः वाकवून बघितला. तडकला नाही. मोरीजवळ मुद्दाम ठेवला, सकाळी होता तसाच होता. पुडकं बाईंच्या कपाटात न फोडलेलं राहिलं. मुलाच्या कारखान्यात टॉवेल अजून साध्याच पिशवीत जातात, ते काही इतक्यात बदलत नाही म्हणतात. पण सुनेच्या प्रबंधात माझ्या भावाच्या शेतातली माती आहे. कढीलिंब मी दुसऱ्या कुंडीत लावला, तो वाचला. आणि खरं सांगायचं तर, जड खाली आणि चांगलं वर हे मला अजूनही पटत नाही. कुरडया मी अजून माझ्याच पद्धतीनं करते.

पण त्या सकाळचं राहिलं. टाळ्या पिटून झाल्यावर तिला आठवलं, की हे सगळं केलं कुणी. ती वळली. मी कुंडीपाशी उभी. त्या जेवतानाच्या बोलण्याची आठवण आम्हा दोघींना एकदमच झाली असावी, कारण ती कुंडीकडं बघायला लागली आणि मी पदराशी चाळा करायला लागले. आमच्या घरात सुनेनं माहेरी जायचं तर आधी मला विचारायची रीत. त्याच वर्षी नागपंचमीला तिनं बार्शीला जाऊ का म्हणून विचारलं होतं, आणि मी "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणून ते तसंच ठेवलं होतं, तो आठवडा काही आला नव्हता. मी म्हटलं, "मग आता मी काय करू, सांग."

तिनं हात पुसले, पदर नीट केला, आणि मी बोलते त्याच ठसक्यात म्हणाली,

"आई, तुम्ही आता आठ दिवस माहेरी जाऊन या. सुनेनं पाठवलंय म्हणून सांगा मामांना. येताना गोणीभर माती आणा, आणि निघायच्या आधी ती पळी माझ्याकडं द्या."